उपग्रहांची टक्कर कशी टाळतात?

१४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ घेऊन श्रीहरिकोट्याहून निघालेला प्रक्षेपक आधी ठरलेल्या वेळेपेक्षा ४ सेकंद उशिरा उडाला. टीव्हीसमोर बसलेल्या कोणालाही हे जाणवण्याचे कारण नव्हते. नंतर इस्रोच्या वार्षिक अंतराळ परिस्थिती अहवालातून त्याचे कारण समजले. मूळ वेळेला उड्डाण झाले असते, तर वर जाताना अंतराळातील कचऱ्याचा एखादा तुकडा धोकादायक जवळ येण्याची शक्यता होती. त्यानंतर पंधरवड्याने, ३० जुलैला, पीएसएलव्ही-सी५६ चे उड्डाणही याच कारणासाठी १ मिनिटाने पुढे ढकलले गेले.

४ सेकंदांनी असा काय फरक पडतो? पृथ्वीजवळच्या कक्षेतली वस्तू सेकंदाला साधारण साडेसात किलोमीटर जाते. ४ सेकंदांत ती ३० किलोमीटर पुढे निघून गेलेली असते. अंतराळातली टक्कर टाळण्याचा बराचसा खेळ हा असा वेळेचा आहे.

वर फिरतंय ते काय?

अंतराळ कचरा म्हणजे माणसाने वर पाठवलेली, पण आता कोणाच्याही उपयोगाची आणि ताब्यातली नसलेली प्रत्येक वस्तू. त्यात बंद पडलेले उपग्रह आहेत, प्रक्षेपकांचे रिकामे टप्पे आहेत, उपग्रह सुटा होताना निसटलेले बोल्ट आणि झाकणे आहेत, रंगाचे पोपडे आहेत. पण संख्येने सर्वात जास्त आहेत ते स्फोट आणि टकरींतून उडालेले तुकडे. अमेरिकेने मार्च १९५८ मध्ये सोडलेला व्हॅनगार्ड-१ हा छोटासा उपग्रह आज कक्षेत असलेली सर्वात जुनी मानवनिर्मित वस्तू आहे. तो १९६४ मध्येच मुका झाला, पण फिरतो आहे.

युरोपीय अंतराळ संस्थेच्या अंदाजानुसार १० सेंटिमीटरपेक्षा मोठ्या वस्तू ५० हजारांहून जास्त आहेत आणि १ सेंटिमीटरपेक्षा मोठ्या १२ लाखांहून जास्त. यांतल्या साधारण ४० हजार वस्तूंवरच जमिनीवरून नियमित पाळत ठेवता येते. त्यांत चालू उपग्रहही आले. म्हणजे १ ते १० सेंटिमीटरच्या मधले जे लाखो तुकडे आहेत, ते उपग्रह फोडायला पुरेसे मोठे आणि रडारला सापडायला बहुतेक वेळा फार लहान असतात. या क्षेत्रातल्या लोकांची खरी डोकेदुखी हाच गट आहे.

कचरा किती दिवस राहतो, हे उंचीवर ठरते. ४०० किलोमीटरवरही हवेचे अगदी विरळ अस्तित्व असते. तिच्या घर्षणाने वस्तू हळूहळू खाली येते आणि काही महिन्यांत किंवा वर्षांत जळून जाते. ८०० किलोमीटरवर हेच काम व्हायला शतके लागू शकतात. भारताने २७ मार्च २०१९ रोजी ‘मिशन शक्ती’त स्वतःचा उपग्रह क्षेपणास्त्राने पाडला, तो सुमारे ३०० किलोमीटर उंचीवर. त्याचे नोंदवले गेलेले शंभराहून अधिक तुकडे पुढच्या काही वर्षांत जळून संपले. चीनने जानेवारी २००७ मध्ये हाच प्रयोग सुमारे ८६५ किलोमीटर उंचीवर केला. त्यातून नोंद घेण्याइतके मोठे ३ हजारांहून अधिक तुकडे झाले आणि त्यांतले बहुसंख्य अजून वरच आहेत. खाली केलेला प्रयोगही निर्धोक नव्हताच, कारण काही तुकडे धक्क्याने बरेच वर फेकले गेले होते. पण दोन्हींच्या परिणामांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एवढासा तुकडा काय करणार?

१ सेंटिमीटर व्यासाची ॲल्युमिनियमची गोळी घ्या. तिचे वजन दीड ग्रॅमही भरत नाही. दोन वस्तू वेगवेगळ्या दिशांनी येत असल्यामुळे टकरीच्या वेळी त्यांचा एकमेकांच्या तुलनेतला वेग सेकंदाला १० किलोमीटर असणे सर्रास घडते. या वेगाने येणाऱ्या त्या गोळीत सुमारे ७० हजार ज्यूल ऊर्जा असते. हजार किलोची मोटार ताशी ४३ किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळली तर जेवढी, तेवढी. आणि मोटारीचा धक्का सगळ्या बॉनेटवर पसरतो, हा एका बिंदूवर बसतो.

त्याहून लहान कणांचीही उदाहरणे आहेत. १९८३ मध्ये चॅलेंजर अंतराळयानाच्या खिडकीच्या काचेला खड्डा पडला, तो रंगाच्या एका कणामुळे. ऑगस्ट २०१६ मध्ये युरोपच्या सेंटिनेल-१ए या उपग्रहाची वीज अचानक किंचित घटली आणि त्याची कक्षाही जराशी हलली. सुदैवाने त्यावर कॅमेरा होता. त्याने काढलेल्या छायाचित्रात सौरपंखावर सुमारे ४० सेंटिमीटर रुंद डाग दिसला. आदळलेला कण काही मिलिमीटरचा असावा, असा निष्कर्ष निघाला. उपग्रह वाचला. १९९६ मध्ये फ्रान्सच्या सेरीझ या उपग्रहाचे नशीब एवढे चांगले नव्हते. दहा वर्षांपूर्वी फुटलेल्या एका आरियान प्रक्षेपकाच्या टप्प्याचा तुकडा त्याला लागला आणि त्याचा तोल राखणारा लांब दांडा मोडून गेला. नोंदवलेल्या दोन वस्तूंची अपघाताने झालेली ही पहिली निश्चित टक्कर मानतात.

इशारा येतो तेव्हा

जगातली सर्वात मोठी पाळत यंत्रणा अमेरिकी लष्कराची आहे. तिच्याकडे अनेक रडार आणि दुर्बिणी आहेत. पॅसिफिक महासागरातल्या क्वाजालीन बेटावरचे ‘स्पेस फेन्स’ हे शक्तिशाली रडार २०२० मध्ये कामाला लागले. या निरीक्षणांवरून प्रत्येक वस्तूची कक्षा काढतात, ती काही दिवस पुढे चालवून पाहतात आणि कोणत्या दोन वस्तू एकमेकींच्या फार जवळून जाणार आहेत ते शोधतात. तसे काही सापडले, की उपग्रहाच्या मालकाला इशारा जातो. त्यात जवळ येण्याची वेळ, अंदाजे अंतर आणि त्या अंदाजात किती चूक असू शकते, हे सारे दिलेले असते.

शेवटची बाब सर्वात महत्त्वाची. चालू उपग्रह स्वतःची जागा पृथ्वीला कळवत असतो, त्यामुळे तो कोठे असेल हे बरेच अचूक सांगता येते. कचऱ्याचा तुकडा काही कळवत नाही. तो रडारच्या नजरेत दिवसातून थोडाच वेळ येतो. त्याचा आकार कसा आहे, तो गोल गोल फिरतो आहे का, त्यावर हवेचा विरोध किती होतो, हे अंदाजानेच धरावे लागते. त्यात सूर्याची भर. सौरवादळ आले की वरचे वातावरण तापून फुगते आणि खालच्या कक्षांतल्या सगळ्या वस्तूंवरचा विरोध वाढतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये अशाच एका वादळाने नुकतेच सोडलेले सुमारे ४० स्टारलिंक उपग्रह कक्षेत टिकू दिले नाहीत. म्हणून तुकड्याची जागा एक बिंदू म्हणून सांगता येत नाही. ती एका लांबट अंड्यासारख्या प्रदेशात ‘कोठेतरी’ अशी सांगावी लागते, आणि दोन-तीन दिवस आधी हा प्रदेश प्रवासाच्या दिशेने काही किलोमीटर लांब असू शकतो.

अशा दोन प्रदेशांचा मेळ घालून टकरीची शक्यता काढतात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकासाठी नियम आहे: स्थानकाभोवती साधारण ५० किलोमीटर लांब, ५० किलोमीटर रुंद आणि ४ किलोमीटर जाड अशी काल्पनिक पेटी धरायची. काही त्या पेटीत येणार असेल तर हिशेब सुरू. शक्यता १० हजारांत १ पेक्षा जास्त निघाली, तर स्थानक हलवायचे. १९९९ पासून ते तीसहून अधिक वेळा हलवावे लागले आहे. वेळ कमी असेल तर अंतराळवीर परतीच्या यानात जाऊन बसतात. १५ नोव्हेंबर २०२१ रोजी रशियाने स्वतःचा कॉसमॉस-१४०८ हा उपग्रह फोडला, तेव्हा स्थानकावरच्या सातही जणांना हेच करावे लागले. त्यांत दोन रशियन होते.

भारतात हे काम इस्रोच्या बंगळुरूतील केंद्रातून चालते. जुलै २०२२ पासून ते ‘आयएस-फोर-ओएम’ या नावाने ओळखले जाते. अमेरिकेकडून आलेला इशारा तसाच स्वीकारला जात नाही. आपल्या उपग्रहाची कक्षा इस्रोला अधिक अचूक माहीत असते, त्यामुळे ती वापरून हिशेब पुन्हा केला जातो. २०२३ मध्ये भारतीय उपग्रहांसाठी असे १ लाखाहून अधिक इशारे आले. त्यांतले ३ हजारांहून अधिक १ किलोमीटरच्या आत येण्याचे होते. आणि प्रत्यक्षात उपग्रह हलवावा लागला तो २३ वेळा. आदल्या वर्षी हाच आकडा २१ होता. लाख इशाऱ्यांतून दोन डझन निवडायचे, हे या कामाचे स्वरूप आहे.

१० फेब्रुवारी २००९

चुकीचे निवडले, किंवा निवडलेच नाही, तर काय होते ते त्या दिवशी दिसले. सैबेरियाच्या उत्तर टोकावर, सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर, अमेरिकी कंपनीचा इरिडियम-३३ हा चालू दूरसंचार उपग्रह आणि कॉसमॉस-२२५१ हा कधीच बंद पडलेला रशियन लष्करी उपग्रह सेकंदाला ११ किलोमीटरहून अधिक वेगाने एकमेकांवर आदळले. दोन पूर्ण आकाराच्या उपग्रहांची ही पहिली टक्कर. तिने नोंद घेण्याजोग्या २ हजारांवर तुकड्यांची भर घातली.

ही टक्कर कोणाच्या लक्षातच आली नव्हती, असे नाही. सर्वांसाठी खुल्या असलेल्या एका गणन सेवेने त्या दिवशी हे दोन उपग्रह एकमेकांपासून ५८४ मीटरवरून जातील असे दाखवले होते. पण त्या यादीत त्याहून जवळच्या भेटी बऱ्याच होत्या. इरिडियमकडे साठांहून अधिक उपग्रहांचा ताफा होता आणि ५ किलोमीटरच्या आतल्या भेटींचे शेकडो अहवाल दर आठवड्याला येत. ज्या माहितीवर ते आधारलेले होते तिच्यातली चूकच किलोमीटरमध्ये मोजावी अशी होती. प्रत्येक इशाऱ्याला उपग्रह हलवला असता, तर तो रोजच हलवत बसावे लागले असते, आणि एक धोका टाळताना दुसऱ्याच्या वाटेत जाण्याची भीती होतीच. सतत वाजणाऱ्या घंटेकडे माणूस दुर्लक्ष करतो, तसे झाले. कंपनीला दोष देणे सोपे आहे. पण त्या दिवशी ५८४ मीटर हा आकडा पाहून कोणी काही केले असते, असे म्हणणे कठीण आहे.

त्यानंतर अमेरिकेने आपली तपासणी सर्व देशांच्या आणि कंपन्यांच्या चालू उपग्रहांपर्यंत वाढवली. आज मालकांना घरबसल्या मिळणारे इशारे त्या टकरीचे फलित आहेत.

किंचित धक्का

उपग्रह ‘हलवतात’ म्हणजे गाडीसारखा बाजूला घेत नाहीत. बाजूला किंवा वर-खाली ढकलणे इंधनाच्या दृष्टीने महाग पडते. त्याऐवजी उपग्रह ज्या दिशेने चालला आहे त्याच दिशेने, किंवा बरोबर उलट, थ्रस्टर काही क्षण चालवतात. यात एक गंमत आहे. पुढे जोर लावला की उपग्रह किंचित उंच कक्षेत जातो, त्या कक्षेची फेरी लांब असते, आणि त्यामुळे तो आपल्या जुन्या वेळापत्रकाच्या मागे पडतो. पुढे ढकलले की उशीर होतो, मागे ओढले की लवकर पोहोचतो.

हा फरक प्रत्येक फेरीत साचत जातो. वेग सेकंदाला केवळ १ सेंटिमीटरने वाढवला, तर साधारण ९५ मिनिटांच्या एका फेरीत उपग्रह जवळजवळ १७० मीटर मागे पडतो. दिवसभरात अशा पंधरा फेऱ्या होतात, म्हणजे अडीच किलोमीटर. मुंगीच्या चालीएवढा बदल, पण एक दिवस आधी केला तर पुरतो. दोन कक्षा जेथे एकमेकींना छेदतात तेथे उपग्रह पोहोचेपर्यंत तुकडा निघून गेलेला असतो.

मग सगळे निर्णय चार दिवस आधीच का घेत नाहीत? कारण चार दिवस आधी अंदाज कच्चा असतो. थांबले तर अंदाज सुधारतो आणि दहापैकी बहुतेक वेळा धोका आपोआप मावळतो. पण जितके थांबावे तितका धक्का मोठा द्यावा लागतो आणि इंधन जास्त जाते. उपग्रहाचे इंधन संपले की तो धडधाकट असला तरी निकामी ठरतो. शिवाय पृथ्वीची छायाचित्रे घेणाऱ्या उपग्रहाचे त्या दिवशीचे काम बुडते. हलवण्याआधी नवी कक्षा पुन्हा सगळ्या यादीशी ताडून पाहावी लागते, ते वेगळेच. म्हणून शेवटचा निर्णय साधारण एक दिवस आधी घेण्याकडे कल असतो.

ही कसरत पृथ्वीपुरतीही राहिलेली नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये चांद्रयान-२ चे परिक्रमायान आणि नासाचे एलआरओ हे यान चंद्राच्या उत्तर ध्रुवाजवळ एकमेकांच्या फार जवळ येणार होते. १८ ऑक्टोबरला इस्रोने आपले यान हलवले.

समोरून येणारा चालू असेल तर?

कचरा बाजूला होत नाही, तेव्हा हलायचे कोणी हा प्रश्नच नसतो. दोन चालू उपग्रह समोरासमोर आले की मात्र तो येतो, आणि त्याला उत्तर देणारा कोणताही आंतरराष्ट्रीय कायदा नाही. समुद्रात कोणत्या जहाजाने कोणाला वाट द्यायची हे ठरलेले आहे, अंतराळात नाही. २ सप्टेंबर २०१९ रोजी युरोपच्या एओलस या हवामान उपग्रहाला स्पेसएक्सच्या एका स्टारलिंक उपग्रहापासून दूर व्हावे लागले. टकरीची शक्यता हजारात १ च्या पुढे गेली होती. पुढचा पत्रव्यवहार सूचना यंत्रणेतल्या दोषामुळे आपल्या माणसांपर्यंत पोहोचलाच नाही, असे कंपनीने नंतर सांगितले. जगातले दोन आघाडीचे चालक ई-मेलवर अवलंबून होते.

आता स्टारलिंकचे उपग्रह हजारोंनी आहेत आणि ते इशारे स्वतःच वाचून स्वतःच बाजूला होतात. २०२४ च्या मेपर्यंतच्या सहा महिन्यांत त्यांनी सुमारे ५० हजार वेळा अशी हालचाल केल्याचे कंपनीने अमेरिकी नियामकाला कळवले. सुरक्षेच्या दृष्टीने हे चांगलेच. पण न सांगता आपोआप हलणारा उपग्रह आज येथे तर उद्या कोठे, हे शेजाऱ्याला कळणे अवघड होते. त्यामुळे मालकांनी आपल्या पुढच्या हालचालींचे वेळापत्रक आधी एकमेकांना देणे आवश्यक झाले आहे.

चिलखत

जे दिसत नाही ते चुकवता येत नाही. त्यासाठी ढाल लागते. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांनी १९४० च्या दशकात, पहिला उपग्रह उडण्याच्याही आधी, तिची कल्पना मांडली होती. एक जाड पत्रा लावण्याऐवजी मुख्य भिंतीच्या काही सेंटिमीटर पुढे एक पातळ पत्रा लावायचा. वेगाने आलेला कण त्या पत्र्यावर आदळताच त्याचा भुगा होतो, काही भाग वितळतो, आणि हा फवारा मागच्या भिंतीवर पसरून पडतो. स्थानकावर दोन पत्र्यांच्या मध्ये सिरॅमिक कापड आणि केव्हलारचे थरही आहेत. तरी ही ढाल फार तर १ सेंटिमीटरपर्यंतचे कण झेलते. साध्या उपग्रहाला एवढे वजन परवडत नाही. तेथे नाजूक तारा आणि इंधनाच्या टाक्या आतल्या बाजूला ठेवणे, महत्त्वाची यंत्रणा दुहेरी ठेवणे, एवढ्यावर भागवावे लागते.

आपला कचरा आपण उचलणे

नासाचे डोनाल्ड केस्लर आणि बर्टन कूर-पॅले यांनी १९७८ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. टकरीतून तुकडे, त्या तुकड्यांतून आणखी टकरी, अशी साखळी सुरू झाली तर नवीन काही न सोडताही कचरा वाढत राहील, असे त्यात दाखवले होते. ही साखळी सिनेमात दिसते तशी तासाभरात घडत नाही. तिला दशके लागतात, आणि ८०० ते १००० किलोमीटरच्या गर्दीच्या पट्ट्यात ती हळू वेगाने सुरू झाली असावी असे मानणारे तज्ज्ञ बरेच आहेत.

म्हणून काम संपलेली वस्तू वर सोडून न देणे महत्त्वाचे. भारताने हा धडा स्वतःच्या अनुभवातून घेतला. ऑक्टोबर २००१ मध्ये उडालेल्या पीएसएलव्ही-सी३ चा चौथा टप्पा डिसेंबरमध्ये कक्षेतच फुटला आणि तीनशेहून अधिक तुकडे झाले. टाकीत उरलेले इंधन आणि दाब यांमुळे असे स्फोट होतात. आता काम झाल्यावर टप्प्यातले उरलेले इंधन बाहेर सोडून दिले जाते. अलीकडे त्यापुढची पायरीही गाठली आहे. जानेवारी २०२४ मध्ये उडालेल्या पीएसएलव्ही-सी५८ चा चौथा टप्पा ३५० किलोमीटरवर उतरवून प्रयोगशाळा म्हणून वापरला आणि २१ मार्चला तो वातावरणात जळून गेला.

मेघा-ट्रॉपिक्स-१ ची गोष्ट याहून बोलकी. २०११ मध्ये सोडलेला, हजार किलोचा हा भारत-फ्रान्सचा उपग्रह ८६७ किलोमीटरवर होता आणि शंभर वर्षांहून अधिक काळ तेथेच राहिला असता. त्याच्या टाकीत सुमारे १२० किलो इंधन शिल्लक होते. नियंत्रित रीतीने पाडण्यासाठी तो बनवलेलाच नव्हता. तरी इस्रोने महिनोन्‌महिने टप्प्याटप्प्याने त्याला खाली आणले आणि ७ मार्च २०२३ रोजी पॅसिफिकच्या निर्मनुष्य भागावर पाडले. २०३० पासूनच्या सर्व भारतीय मोहिमा कचरामुक्त ठेवण्याचे ध्येय इस्रोने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले.

बराच काळ जगभरचा संकेत होता, की काम संपल्यावर २५ वर्षांत उपग्रह खाली यावा. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २०२२ मध्ये आपल्या परवानाधारकांसाठी ही मुदत ५ वर्षांवर आणली. सुमारे ३६ हजार किलोमीटरवरच्या भूस्थिर उपग्रहांना खाली आणणे परवडत नाही, त्यांना उलट तीनेकशे किलोमीटर वर, वापरात नसलेल्या कक्षेत नेऊन ठेवतात.

आधीच पडून असलेल्या अवजड वस्तूंचे काय, हा प्रश्न उरतो. युरोपचा ८ टनांचा एन्व्हिसॅट एप्रिल २०१२ मध्ये अचानक गप्प झाला आणि तेव्हापासून नेमक्या गर्दीच्या उंचीवर फिरतो आहे. असे काही पकडायचे तर त्याला धरायला दांडी नाही, तो गरगरतो आहे, आणि १९६७ च्या अंतराळ करारानुसार त्यावर त्याच्या देशाचाच हक्क आहे. दुसऱ्याचे भंगारही विनापरवानगी उचलता येत नाही. प्रयोग मात्र सुरू झाले आहेत. २०१८ मध्ये एका युरोपीय मोहिमेने कक्षेत जाळे टाकून पाहिले. फेब्रुवारी २०२४ मध्ये निघालेले ॲस्ट्रोस्केल या जपानी कंपनीचे यान २००९ पासून पडून असलेल्या एका जपानी प्रक्षेपकाच्या टप्प्यापर्यंत पोहोचले, त्याच्याभोवती फिरून छायाचित्रे घेतली आणि वर्षाअखेरीस त्याच्यापासून साधारण १५ मीटरपर्यंत गेले. तो टप्पा प्रत्यक्ष पकडून खाली आणण्याचे काम पुढच्या यानावर सोपवले आहे.